नक्कल नाही, 'उमजलेले': कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदं पुन्हा का गायली?

जुन्या मुंबई-पुणे हायवेला चौकजवळ एनडी स्टुडिओ आहे. लोक त्याला सरसकट 'कर्जतचा स्टुडिओ' म्हणतात, कागदोपत्री मात्र तो खालापूर तालुक्यात येतो. 'जोधा अकबर'चा भव्य सेट इथेच उभा राहिला होता. हा स्टुडिओ उभारणारे कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०११ मध्ये एक मराठी सिनेमा काढला. नाव होतं 'बालगंधर्व'. दिग्दर्शक रवी जाधव, मुख्य भूमिकेत सुबोध भावे.

पडद्यावर शालू नेसून सुबोध भावे उभे राहतात आणि गाणं सुरू होतं, तेव्हा आपल्या कानावर येणारा गळा असतो आनंद भाटे यांचा. भाटे लहानपणापासूनच बालगंधर्वांची पदं गायचे. लोक त्यांना 'आनंद गंधर्व' म्हणायचे. पुढे ते पंडित भीमसेन जोशींकडे शिकले. या सिनेमातल्या गाण्यासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो त्यांच्या हक्काचाच होता. कारण सिनेमाची मागणीच अशी होती की डोळे मिटले तर समोर नारायणराव गातायत असं वाटलं पाहिजे.

आता जरा उलटा विचार करा. बालगंधर्वांची तीच पदं एखाद्या अशा गायकाने गायला घेतली, ज्याचं स्वतःचं नाव आधीच मोठं आहे, ज्याची गाण्याची तऱ्हा बालगंधर्वांच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे, आणि ज्याला त्यांच्यासारखं गायचंच नाहीये. तर?

हे सिनेमाच्या कितीतरी आधी घडून गेलंय. साठच्या दशकात पंडित कुमार गंधर्वांनी एक कार्यक्रम केला, ज्याची पुढे रेकॉर्डही निघाली. त्याचं नावच सगळं सांगून जातं. 'मला उमजलेले बालगंधर्व'.

आजच्या भाषेत बोलायचं तर हा 'कव्हर अल्बम'. एका दुनियेतल्या गायकाने दुसऱ्या दुनियेतली गाजलेली गाणी आपल्या गळ्यातून पुन्हा गायची. जगभर हे चालतं. अमेरिकेत कंट्री म्हणजे गोऱ्या शेतकरी-कामगारांचं, गिटारवरचं, गावाकडच्या गोष्टी सांगणारं संगीत आणि सोल म्हणजे काळ्या लोकांच्या चर्चमधल्या गाण्यातून उगवलेलं संगीत, अशी ढोबळ वाटणी लोकांनी करून ठेवली होती. १९६२ साली रे चार्ल्स या काळ्या गायकाने कंट्रीची गाणी घेऊन अख्खा अल्बम काढला. हा प्रयोग आपटणार अशी धास्ती कंपनीला होती. पण त्यातलं एक गाणं पाच आठवडे अमेरिकेत पहिल्या नंबरवर बसलं. १९७८ मध्ये विली नेल्सन या कंट्री गायकाने जुन्या अमेरिकन गाण्यांचा 'स्टारडस्ट' काढला, तेव्हा निर्माता म्हणून शेजारी बसला होता बुकर टी. जोन्स, म्हणजे मेम्फिसच्या सोल संगीतातला अव्वल माणूस. त्याही वेळी कंपनी साशंक होती. १९९४ मध्ये तर कंट्री आणि सोलच्या गायकांच्या जोड्या लावून गाणी करून घेतलेला एक अल्बमही आला.

वरवर पाहिलं तर या दोन दुनिया वेगळ्या. पण दोन्हीकडचे वादक एकाच दक्षिणेतले, रेडिओवर लहानपणी ऐकलेली गाणी एकच. आपल्याकडे ख्याल आणि नाट्यसंगीत यांचं नातंही असंच आहे. ते कसं, ते पुढे येईलच. आधी ही दोन माणसं कोण होती ते पाहू.

बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. जन्म १८८८ चा. लहानपणी त्यांचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी 'बालगंधर्व' म्हटलं अशी आख्यायिका आहे आणि ती इतकी घट्ट बसलीय की राजहंस आडनाव आता कुणाला पटकन आठवतही नाही. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. १९११ ला 'मानापमान' गाजलं. १९१३ मध्ये त्यांनी गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत गंधर्व नाटक मंडळी काढली. मग १९१६ चं 'स्वयंवर', १९१९ चं 'एकच प्याला'. भामिनी, रुक्मिणी, सिंधू. त्या काळी बायका रंगमंचावर येत नसत, आणि हा पुरुष स्टेजवर कसा चालतो, पदर कसा घेतो, हे बघून चांगल्या घरच्या बायका आपली फॅशन ठरवायच्या.

पण नाटकाला जाणारे लोक शेवटी गाणं ऐकायला जायचे. माईक नव्हता. साथीला ऑर्गन आणि सारंगी असायची आणि तबल्यावर तर काही वर्षं खुद्द अहमदजान थिरकवा. एका पदाला वन्समोर, मग आणखी एक वन्समोर. कथा थांबायची, गाणं चालू राहायचं. रुक्मिणीचं लग्न कृष्णाशी होणार की नाही याची चिंता प्रेक्षकांना फारशी नसायची, घरी जायची घाईही नसायची.

हे गाणं कसं होतं? गोड, हे तर सगळेच सांगतात. पण त्यातली खरी गंमत ओघात होती. सूर तुटत नाही. एक शब्द दुसऱ्या शब्दात विरघळतो, लय सरळ चाललेली असते आणि गळा त्या लयीच्या जरा मागे-पुढे खेळत राहतो. ताना छोट्या, मोत्यासारख्या, शब्दाला धक्का न लावता येऊन जाणाऱ्या. ऐकणाऱ्याला कष्ट दिसत नाहीत. म्हणून तर ते गाणं 'सोपं' वाटतं आणि गायला बसलं की घाम फुटतो.

एका पिढीच्या कानात हे गाणं इतकं पक्कं झालं की 'गंधर्व गायकी' हा वेगळा शब्दच तयार झाला. नक्कल करणारे गावोगाव होते. विजापूरकडच्या गोहर कर्नाटकींनी तर त्यांची पदं अशी उचलली होती की पुढे त्या बालगंधर्वांच्या नाटकांतच उभ्या राहिल्या. त्या दोघांच्या आयुष्यावर मराठीत भरपूर लिहून झालंय, बरचसं गोहरबाईंवर अन्याय करणारं. पण गाण्यापुरतं बोलायचं तर त्यांचा गळा गंधर्व गायकी पेलणारा होता, हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावं लागायचं.

आता दुसरे गंधर्व. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ, जन्म १९२४, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. 'कुमार गंधर्व' ही पदवी लहानपणी एका मठाच्या स्वामींनी दिलेली. बालगंधर्वांशी नात्याचा संबंध नाही.

या मुलाची ख्याती कशासाठी होती माहितीये? नकलेसाठी. मोठमोठ्या उस्तादांच्या आणि बुवांच्या रेकॉर्ड ऐकून तो जशाच्या तशा म्हणून दाखवायचा. हरकत, तान, दम घेण्याची जागा, सगळं हुबेहूब. सात-आठ वर्षांचं पोर स्टेजवर बसून हे करतंय म्हटल्यावर सभागृहं भरायची. आजच्या काळात असता तर आठवड्याला एक रील व्हायरल झालं असतं.

मग वडिलांनी त्याला मुंबईला ऑपेरा हाउसजवळ प्रोफेसर बी. आर. देवधरांच्या शाळेत आणून सोडलं. देवधर स्वतः पलुसकरांचे शिष्य, पण घराण्याची भिंत न मानणारे. त्यांच्याकडे देशभरचे गवई यायचे. सगळं ऐकायचं, पण प्रत्येक गोष्टीला 'असंच का?' म्हणून विचारायचं, ही सवय कुमारांना तिथे लागली. ज्या मुलाकडे नक्कल करायची जन्मजात देणगी होती, त्याने ती देणगी हळूहळू बाजूला ठेवली. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात अवघड पायरी हीच आहे. जे जमत नाही ते सोडणं सोपं असतं. टाळ्या मिळवून देणारी गोष्ट सोडायला वेगळं काळीज लागतं.

त्यानंतर आजार आला. १९४७ मध्ये भानुमती कंस यांच्याशी लग्न झालं आणि लगेच क्षयाचं निदान झालं. कोरड्या हवेसाठी १९४८ च्या सुरुवातीला दोघं माळव्यात देवासला गेले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. बंद म्हणजे पूर्ण बंद. जवळपास सहा वर्षं हा माणूस पडून होता. त्या काळात स्ट्रेप्टोमायसिन हे औषध नुकतंच मिळू लागलं होतं, त्याने जीव वाचला. पण एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालं.

अंथरुणावर पडल्या पडल्या घराबाहेरून येणारी माळव्यातली लोकगीतं कानावर पडायची. बायकांची, भिक्षेकऱ्यांची, नाथपंथी जोग्यांची. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गायला लागले तेव्हा गाणं बदललेलं होतं. छोटे, टोकदार स्वरसमूह. एकदम वर झेप, मग शांतता. पुन्हा झेप. दमसास कमी पडतो म्हणून ही शैली आली असं सहज म्हटलं जातं. ते अर्धंच खरं असावं, कारण ती शांतता नाइलाजाची वाटत नाही, मुद्दाम ठेवलेली वाटते. काही असो, घराणेवाल्या जाणकारांना हे गाणं खटकायचं. याला कुठल्या घराण्याचं म्हणायचं हाच त्यांचा प्रश्न होता.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. बालगंधर्व म्हणजे न तुटणारा ओघ. कुमार म्हणजे तुकडा, झेप आणि मधली शांतता. एकाचा गळा लांब दमाचा, दुसऱ्याकडे जेमतेम एक फुफ्फुस. आणि हा दुसरा माणूस जाहीर करतो की मी बालगंधर्व गाणार आहे. सभागृहात बसलेल्या कित्येकांनी खरे बालगंधर्व स्टेजवर पाहिलेले. नाना वन्समोर घेतलेले. त्यांच्या कानात मूळ गाणं अजून ताजं.

इथे 'उमजलेले' हा शब्द नीट बघा. मराठीत समजणं आणि उमजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गणित समजतं. समजावून सांगता येतं, परीक्षेत लिहिता येतं. उमजणं आतून होतं, बऱ्याचदा उशिरा होतं आणि प्रत्येकाला वेगळं होतं. शिवाय आधी 'मला' आहे. हे खरे बालगंधर्व आहेत असा दावा नाही. 'बालगंधर्वांना आदरांजली' असं गुळगुळीत नावही नाही. मला हा माणूस असा दिसला, एवढंच. त्या नावात नम्रता आहे, आणि जरा खोडसाळपणे म्हणायचं तर त्यातच अहंकारही आहे. दोन्ही एकाच शब्दात बसवणं कुमारांनाच जमावं.

रेकॉर्ड ऐकली की पहिल्या मिनिटात कळतं की गोडवा हा इथला मुद्दा नाही. कुमारांनी बालगंधर्वांच्या गाण्याचा आवाज घेतला नाही, त्याची विचार करायची पद्धत घेतली. पदातला कुठला शब्द कुठल्या स्वरावर ठेवलाय, तालाच्या कुठल्या मात्रेला तो येऊन टेकतो, मुखडा पकडताना किती बारीक उशीर केलाय. बालगंधर्वांच्या गळ्यात या गोष्टी गोडव्याखाली झाकलेल्या असतात. ऐकणारा सुखावून जातो आणि खालचं बांधकाम त्याला दिसत नाही. कुमारांनी तो गोडवा बाजूला केला आणि बांधकाम उघडं करून दाखवलं. म्हणून काहींना ती रेकॉर्ड कोरडी वाटते. मला विचाराल तर ती ऐकून परत मूळ बालगंधर्व लावले की मूळ गाणं आधीपेक्षा जास्त ऐकू येतं.

हे एकदाच सुचलेलं खूळ नव्हतं. कुमारांनी 'तांबे गीतरजनी' केली, भा. रा. तांब्यांच्या कवितांची. तुकारामांवर, तुलसीदासांवर, सूर-मीरा-कबीरावर असेच कार्यक्रम बांधले. दुसऱ्याचं काम घ्यायचं, त्यात राहायचं आणि बाहेर येऊन 'मला हे असं दिसलं' म्हणून सांगायचं, ही त्यांची पद्धतच होती.

चाल कुणाची?

आता त्या जुन्या नात्याकडे वळू. नाट्यसंगीत हे मुळातच कव्हरचं दुकान होतं.

संगीत नाटकाचं जुनं पुस्तक कुठे मिळालं तर उघडून बघा. प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'चाल : अमुक अमुक'. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटकांपासून ही पद्धत आहे. चाल आधीची असायची. कधी कानडी, कधी लावणीची, कधी साकी-दिंडीची, कधी कीर्तनातली. नाटककार त्या चालीवर मराठी शब्द बसवायचा. 'मानापमान'साठी गोविंदराव टेंब्यांनी पूरबकडच्या ठुमऱ्या-दादऱ्यांची वळणं आणली. 'स्वयंवर'साठी भास्करबुवा बखल्यांनी ख्यालातल्या बंदिशी दिल्या आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी त्यावर पदं लिहिली. म्हणजे राजवाड्यांतल्या आणि कोठीवरच्या मैफलींत ऐकू येणारं संगीत आठ आण्याच्या तिकिटावर बसलेल्या कारकुनाच्या आणि शेतकऱ्याच्या कानापर्यंत पोचलं, ते अशा उसनवारीतून.

त्यामुळे कुमारांसारखा ख्यालिया जेव्हा बालगंधर्वांचं पद गातो, तेव्हा ती चाल माहेरी आलेली असते. फक्त येताना सासरची बोली सोबत घेऊन आलेली असते. ख्यालात शब्द मागे पडले तरी चालतात. नाट्यपदात शब्द मागे पडला तर नाटकच पडतं. ती शब्दाची शिस्त ख्यालियाला नवी असते.

ही फिरती पुढे आणखी खाली उतरली. कर्जत-खालापूरच्या गावांत हरिनाम सप्ताहाला किंवा गणपतीत जे संगीत भजन होतं, तिथे नीट कान द्या. पेटीवरचे बुवा पखवाजाच्या साथीत तुकोबाचा अभंग सुरू करतात आणि दुसऱ्या ओळीला लक्षात येतं की अरे, ही चाल तर नाटकातली. बुवांनी कदाचित ते नाटक बघितलेलंही नसतं. त्यांना ती त्यांच्या बुवांकडून मिळालेली असते. तिथे कुणी 'हे ओरिजिनल कुणाचं?' असं विचारत नाही. विचारतात ते एवढंच, की बुवांनी जागा घेतली का?

मग लतादीदी आणि टी-सीरीजचं काय?

कव्हर म्हटलं की आपल्या पिढीला आठवतं ते कॅसेटचं युग. ऐंशीच्या दशकात गुलशन कुमारांच्या टी-सीरीजने जुन्या हिंदी गाण्यांच्या 'व्हर्जन' कॅसेट काढल्या. मूळ रेकॉर्ड दुसऱ्या कंपनीच्या, पण कायद्यात एक वाट होती: ठराविक काळानंतर रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेता येत होतं. लताबाईंची गाणी अनुराधा पौडवालांच्या आवाजात, रफींची सोनू निगमच्या. 'रफी की यादें' ज्याच्या घरी नव्हती असा माणूस नव्वदच्या दशकात शोधावा लागला असता. जाणकारांनी या कॅसेटना नाकं मुरडली. पण त्या स्वस्त होत्या, आणि एसटी स्टँडवरच्या टपरीवर मिळत होत्या. अनेक घरांत जुनी गाणी पहिल्यांदा पोचली ती याच आवाजांत. शिवाय सोनू निगमसारख्या गायकाची तालीम तिथेच झाली.

या कॅसेटचा हेतू स्पष्ट होता, मूळ गाण्याची जागा घेणं. ग्राहकाला फरक जितका कमी कळेल तितकं बरं.

१९९२ मध्ये खुद्द लता मंगेशकरांनी उलट्या दिशेने पाऊल टाकलं. 'श्रद्धांजली' नावाच्या अल्बममध्ये त्यांनी कुंदनलाल सैगल, पंकज मलिक, रफी, मुकेश, किशोर कुमार, हेमंत कुमार अशा गेलेल्या सहकाऱ्यांची गाणी स्वतः गायली. प्रत्येकाबद्दल आधी दोन शब्द बोलल्या. लताबाईंना कुणाचीही गाणी गाऊन बाजारात जागा मिळवायची गरज नव्हती. त्यातली सैगलांची गाणी ऐकताना कळतं की ही बाई इथे विद्यार्थिनी होऊन उभी आहे. लहानपणी ज्याच्या रेकॉर्ड ऐकल्या त्याच्यासमोर. कुमारांनी मूळ गाणं उलगडून बघितलं, लताबाईंनी त्याच्यापुढे हात जोडले. दोन्ही कव्हरच.

तुम्ही गाऊन टाकलं तर?

आता तुमच्या-आमच्या कामाचं. मोबाइलवर गाऊन इन्स्टाला टाकणाऱ्यांनी एवढं माहीत ठेवावं.

गाण्यावर एक हक्क नसतो, किमान तीन असतात. शब्दांचा, चालीचा आणि त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा. भारतात शब्द आणि चाल यांचा हक्क कर्ता गेल्यानंतर ६० वर्षं चालतो. रेकॉर्डिंगचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, भास्करबुवा १९२२ मध्ये. म्हणजे 'स्वयंवर'ची पदं आता सगळ्यांची आहेत. ती गा, वाजवा, रील करा, कुणाची परवानगी लागत नाही. बालगंधर्वांच्या आवाजातल्या १९३० च्या आसपासच्या तबकड्यांचाही काळ संपलेला आहे. पण २०११ च्या सिनेमातलं रेकॉर्डिंग उचलून मागे लावलंत तर ते चालणार नाही, कारण ते रेकॉर्डिंग नवं आहे.

ज्या गाण्यांचा हक्क अजून जिवंत आहे त्यांच्यासाठी २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात कलम ३१-सी आलं. मूळ रेकॉर्डिंग ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबायचं. मग हक्कदारांना आगाऊ नोटीस द्यायची, रॉयल्टी आधी भरायची, आणि ती दर गाण्यामागे दर वर्षी किमान ५०,००० प्रतींच्या हिशोबाने. शब्द किंवा चाल बदलायची नाही. आणि वेष्टनावर स्पष्ट लिहायचं की हे कव्हर आहे, मूळ नाही. शेवटची ही अट सरळसरळ त्या कॅसेट युगाच्या अनुभवातून आलेली दिसते.

गंमत बघा, 'चाल बदलायची नाही' या अटीत कुमारांसारखा प्रयोग नेमका कुठे बसतो? मुखडा तोच, राग तोच, पण मधला विस्तार दर वेळी नवा. पाश्चात्त्य पद्धतीने कागदावर लिहिलेलं गाणं डोळ्यांसमोर ठेवून केलेला हा नियम आपल्या गाण्याच्या अंगाला जरा घट्टच होतो. शिवाय ३१-सी ध्वनिमुद्रणापुरतं आहे. त्यावर व्हिडिओ जोडला की वेगळी परवानगी लागते. यूट्यूबवर 'क्लेम' येतो तो मात्र कोर्टाकडून आलेला नसतो, त्या कंपनीची मशीन आवाज जुळवून तो पाठवते. नाट्यपद मुक्त असूनही क्लेम आला तर घाबरून व्हिडिओ काढू नका, हरकत नोंदवता येते.

ऐकायचं कसं?

'स्वयंवर' किंवा 'एकच प्याला'मधलं एखादं पद घ्या, जे तीन ठिकाणी सापडेल. आधी आनंद भाटे ऐका, कारण रेकॉर्डिंग स्वच्छ आहे आणि कान तयार होतो. मग मूळ बालगंधर्व. एक लक्षात ठेवा, ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. स्टेजवर अर्धा तास रंगणारं पद तिथे घाईने आटोपलेलं आहे. त्यामुळे 'एवढंच होय?' असं वाटलं तर तो दोष गायकाचा नाही, तबकडीचा आहे. शेवटी कुमार लावा, हेडफोन घालून, आणि ते थांबतात तिथे पुढे ढकलू नका.

अजून एक. नेटवर चढवलेल्या काही जुन्या तबकड्या चुकीच्या वेगाने वाजवून रेकॉर्ड केलेल्या असतात, त्यामुळे आवाज खऱ्यापेक्षा चढा आणि चिरका येतो. एका अपलोडवरून बालगंधर्वांना नापास करायच्या आधी त्याच पदाची दुसरी कॉपी शोधून बघा.